शिसवाची पाठ, स्प्रूसची तबली : गिटारचे लाकूड एका कीटकशास्त्रज्ञाच्या नजरेतून

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाझरेथ नावाचे एक छोटे शहर आहे. मार्टिन ही गिटार तयार करणारी जुनी कंपनी तेथील. १९६९ पर्यंत या कंपनीच्या नामांकित गिटारींची पाठ आणि कडा ब्राझीलच्या शिसवाच्या, म्हणजे डालबर्जिया नायग्रा या वृक्षाच्या असत. पुढे ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने घातली, पुरवठा आटला आणि त्याच वर्षी मार्टिनने आपल्या सह्याद्री-निलगिरीच्या रानांतील शिसवाकडे मोर्चा वळवला. इतर कंपन्याही त्याच वाटेने आल्या. आज जगाच्या पाठीवर कोठेही उत्तम प्रतीची गिटार उलटी करून पाहिली, तर जांभळट तपकिरी रंगाची, काळ्या रेषांची जी फळी दिसते, ती बहुधा आपल्या डालबर्जिया लॅटिफोलियाची असते.

महाराष्ट्रातील वाचकास हे झाड नवे नाही. शिसवी पलंग, शिसवी पाट, वाड्यातला शिसवी झोपाळा हे सारे याच लाकडाचे. मात्र हे वार्तापत्र अनेक राज्यांत वाचले जात असल्याने नावाचा घोळ आधी निस्तरलेला बरा. कर्नाटकात यास बीटे म्हणतात, केरळात ईट्टी. उत्तर भारतात ज्यास शीशम म्हणतात तो डालबर्जिया सिसू. मराठीत तो शिसू किंवा शिसम. कुळ एक, वृक्ष निराळा. शिसू नदीकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत झपाट्याने वाढतो. आपला शिसव संथ वाढतो आणि पानझडी व निमसदाहरित रानांत इतर वृक्षांच्या संगतीने आढळतो. रोपवाटिकेत या दोहोंची अदलाबदल सर्रास होते. पानांवरून ओळख सोपी आहे. शिसूची पर्णिका टोकाशी निमुळती होऊन अणकुचीदार असते, शिसवाची गोलसर आणि टोकाशी बोथट, कित्येकदा किंचित खाचेची.

अलीकडे प्रशिक्षण वर्गांत एक प्रश्न वारंवार कानी पडतो. बांधावर शिसव किंवा महोगनी लावल्यास गिटारच्या कंपन्या ते लाकूड सोन्याच्या भावाने घेतील, असे सांगून रोपे विकली जातात. यात तथ्य किती? प्रश्न लाकडाचा असला तरी त्याचे निम्मे उत्तर कीटकांपाशी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वाद्याकडे पाहू. तार छेडली की ती थरथरते, पण बारीक तार स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीतून खालच्या पातळ फळीत उतरते आणि ती फळी हवेला ढकलते. सतारीत या फळीस तबली म्हणतात; गिटारच्या दर्शनी फळीसही तोच शब्द वापरू. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा एकत्रित ताण सत्तर किलोंच्या वर जातो आणि तो सोसणारी तबली जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. ताणाखाली ती वाकता कामा नये, म्हणजे ताठ हवी; आणि तारेच्या इवल्याशा शक्तीने हलली पाहिजे, म्हणजे हलकी हवी. वजनाच्या मानाने ताठपणा हा ज्या लाकडाचा गुण, ते तबलीचे लाकूड.

या कसोटीला सूचिपर्णी वृक्ष उतरतात, त्यातही स्प्रूस. त्याची घनता घनमीटरला साधारण चारशे ते साडेचारशे किलो, म्हणजे शिसवाच्या निम्मी. तरीही तंतूच्या दिशेने त्याचा ताठपणा शिसवाच्या तोडीचा. परिणामी स्प्रूसमध्ये तंतूच्या दिशेने ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरहून अधिक वेगाने धावतो. शिसवात हा वेग चार हजारांच्या आसपास राहतो, तर हवेत तो केवळ तीनशे चाळीस मीटर असतो. कारण रचनेत आहे. सूचिपर्णी लाकडात रुंद वाहिन्या नसतात. लांबट, पोकळ, पातळ भिंतींच्या पेशी एकाशेजारी एक रचलेल्या असतात, जणू बारीक नळ्यांची मोळी. थंड प्रदेशात सावकाश वाढलेल्या झाडात वार्षिक वलये एक-दोन मिलिमीटरवर येतात आणि प्रत्येक वलयाच्या शेवटी जो गडद, घट्ट थर असतो तो फळीला आतून काड्यांसारखा आधार देतो. अलास्काचा सिटका स्प्रूस आणि आल्प्स पर्वतातील युरोपीय स्प्रूस यांची ख्याती याच कारणाने. पाइन, देवदार, फर ही त्यांची भावंडे, पण इतक्या एकसारख्या धाग्याची, गाठीविरहित फळी त्यांत क्वचित मिळते.

तबलीच्या लाकडाने आवाजात फरक पडतो, याविषयी कारागीर आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्यात फारसा मतभेद नाही. वाद आहे तो पाठीविषयी, आणि आपला शिसव तर पाठीतच वापरला जातो.

आधुनिक गिटारचा घाट ज्याने ठरवला तो स्पेनचा कारागीर आंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये एक विलक्षण वाद्य केले. तबली स्प्रूसची, पण पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या. तबलीच खरी, बाकी सारे आधारापुरते, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ते वाद्य आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या बॉब टेलर यांनी मालवाहतुकीच्या टाकाऊ पॅलेटच्या ओक लाकडापासून पाठ आणि कडा घडवून गिटार तयार केली आणि ती चांगली वाजली. तथापि असे एकेक नमुने म्हणजे प्रयोग नव्हे. कृषी संशोधनात एका वाफ्यावरून आपण शिफारस करीत नाही, तसेच हे.

खरा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या सॅम्युएले कारकान्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉजर बकनॉल या कारागिराकडून सहा गिटारी करवून घेतल्या. घाट, तबली, आधारपट्ट्या सर्व एकसारखे. फरक केवळ पाठीच्या आणि कडांच्या लाकडात. ब्राझीलचा शिसव, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोड अशी सहा लाकडे. बावन्न वादकांनी मंद प्रकाशाच्या खोलीत, वेल्डिंगचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या, म्हणजे डोळ्यांनी लाकूड ओळखण्यास वाव नाही. आवाजाच्या दर्जासाठी दिलेल्या गुणांत लाकडांमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. सर्वांत महागडे लाकूड आणि स्वस्त लाकूड जवळपास एकाच पंक्तीला बसले. एक गिटार दुसरीहून वेगळी ओळखण्याची चाचणीही घेतली गेली, तीत वादकांचे यश जेमतेमच होते.

हा निष्कर्ष अनेक वादकांना रुचत नाही. मला तो पटतो, पण त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ही एका कारागिराची, एका घाटाची, पोलादी तारांची वाद्ये होती. शिवाय पाठीचे लाकूड आवाजापलीकडे बरेच काही करते. शिसव दमट-कोरड्या हवेत फारसा वाकत नाही, गरम नळीवर कडा वळवताना निमूट वळतो, पॉलिश सुरेख घेतो. फळीचा तुकडा दोन बोटांत लटकवून टिचकी मारली तर तो घंटेसारखा नाद धरतो, कारण त्यात कंपनाची शक्ती कमी जिरते. बाजारात कलिंगड वाजवून घेणारा आपला शेतकरी ही परीक्षा चटकन समजेल. कारागीर वर्षानुवर्षे याच टिचकीवर विसंबून लाकूड निवडत आला आणि ग्राहक रंगावर. किंमत ठरते ती या दोन गोष्टींनी. आफ्रिकेच्या कॅमेरून देशात गिटारच्या पडद्यांच्या पट्टीसाठी एबनी तोडताना, गाभ्यात करड्या रेषा दिसल्या म्हणून संपूर्ण झाड जंगलातच कुजत टाकले जात असे. त्या रेषांनी आवाजात काहीही बिघडत नाही. टेलर यांच्या कंपनीने तेथील गिरणी घेतल्यावर रेषांचे लाकूडही वापरण्यास आरंभ केला. आपल्या तेंदूचा, म्हणजे विडीच्या पानांच्या टेंभुर्णीचा काळा गाभा हा याच एबनीचा चुलतभाऊ, हे जाता जाता सांगण्याजोगे.

आता बांधावरच्या झाडाकडे येऊ. गिटारची पाठ दोन जुळ्या फळ्यांची असते. एकच जाड फळी पुस्तकासारखी मधोमध उघडून दोन्ही पाने जोडली जातात, म्हणजे रेषांची नक्षी दोहोंकडे सारखी येते. प्रत्येक पान सुमारे वीस सेंटिमीटर रुंद आणि पंचावन्न सेंटिमीटर लांब लागते. शिवाय फळी त्रिज्येच्या दिशेने कापलेली हवी, म्हणजे वलये फळीच्या पृष्ठाला काटकोनात उभी. अशी फळी ओलाव्याने कमी फुगते आणि कमी चिरते. आता गणित मांडावे. गाभ्याच्या मध्यावरचा तीन-चार सेंटिमीटर भाग चिरांमुळे सोडावा लागतो. सालीलगतचे पांढरे रसकाष्ठही दोन-चार सेंटिमीटर जाते. उरलेल्या त्रिज्येत वीस सेंटिमीटर हवे असतील, तर ओंडक्याचा व्यास निदान पंचावन्न सेंटिमीटर, म्हणजे घेर सुमारे पावणेदोन मीटर असावा लागतो. आणि तो घेर असलेला भाग सरळ, गाठीविरहित, पिळविरहित असला पाहिजे. शिसवाला हा घेर येण्यास काही दशके लागतात. रोप लावणाऱ्याने ते नातवंडांसाठी लावले, असे समजून चालावे.

निमुळत्या ओंडक्याला वाटच नाही असे नाही. रुंद फळ्या दुर्मिळ झाल्या तेव्हा, १९६५ मध्ये, मार्टिननेच तीन तुकड्यांच्या पाठीची डी-३५ ही गिटार बाजारात आणली आणि ती लोकप्रिय झाली. दांडीच्या पट्ट्या, घोड्या, कडा यांसाठी तर अरुंद लाकूडही चालते. परंतु त्याचा भाव पाठीच्या फळीचा नसतो. शिवाय जावा बेटावरील लागवडीतला शिसव, ज्यास तेथे सोनोकेलिंग म्हणतात, तोही याच बाजारात आहे, हे विसरू नये.

तरीही बांधावर शिसव लावण्यास माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. हे शेंगवर्गीय झाड मुळांवरील गाठींत नत्र स्थिर करते, पाने चाऱ्यास उपयोगी पडतात आणि मुळांपासून फुटवे येत असल्याने एक झाड तोडले तरी त्याच्या परिसरात दुसरे उभे राहते. सरळ खोड हवे असल्यास कोवळेपणीच खालच्या फांद्या स्वच्छ छाटाव्यात. फांदी अंगठ्याएवढी असताना छाटली तर जखम एक-दोन हंगामांत बुजते आणि गाठ गाभ्यातच राहते. मनगटाएवढी झाल्यावर छाटली तर ती फळीत उमटते. गिटारचे राहू द्या, फर्निचरचा व्यापारीही वखारीत गाठ पाहूनच भाव पाडतो.

यानंतर माझ्या विषयाचा भाग. शिसवाचा गाभा वाळवी आणि भुंगेरे यांना दाद देत नाही. त्यातील रासायनिक द्रव्ये त्यांना मानवत नाहीत. रसकाष्ठाला मात्र असे कोणतेही कवच नाही. जिवंत झाड तेथे पिष्ट साठवते आणि झाड पडले की ते पिष्ट भुंगेऱ्यांची शिदोरी बनते. तोडीनंतर पहिल्या आठवड्यांत येतो तो सायनोझायलॉन, दोन-तीन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडणारा काळसर, मागून कापल्यासारखा दिसणारा भुंगेरा. यात प्रौढ कीटक स्वतःच ताज्या लाकडात शिरतो. लाकूड वाळल्यावर त्याची जागा लिक्टस घेतो. लिक्टसची मादी लाकूड पोखरून अंडी घालत नाही. कापलेल्या टोकाशी उघड्या पडलेल्या वाहिन्यांच्या तोंडात ती आपली लांब अंडनलिका घालते. म्हणून वाहिनी रुंद असेल आणि पिष्ट पुरेसे असेल, तेथेच लिक्टस. स्प्रूसमध्ये वाहिन्याच नसल्याने तबलीला या किडीचे भय नाही, पाठीच्या पांढऱ्या कडेला आहे. अळी आतल्या आत लाकडाचे मैद्यासारखे पीठ करते, वरचा पापुद्रा मात्र शाबूत ठेवते. एक-दोन मिलिमीटरच्या छिद्रांतून पीठ गळू लागले की प्रौढ बाहेर पडून गेलेले असतात. छिद्रे बुजवून वरून औषध फासणे हा मग केवळ मनाच्या समाधानाचा उपाय ठरतो.

खबरदारी तोडीच्या दिवसापासून घ्यावी लागते. ओंडका सालीसकट पावसाळाभर शेताच्या कोपऱ्यात पडून राहिला, तर त्याची निम्मी किंमत तेथेच गेली, असे समजावे. साल काढावी, टोकांना मेण किंवा रंग लावून ती बंद करावीत. यामुळे टोकाकडून चिरा पडत नाहीत आणि लिक्टसच्या मादीला वाहिन्यांची तोंडेही सापडत नाहीत. शक्य तितक्या लवकर फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या देऊन, छपराखाली वारा खेळेल अशी थप्पी लावावी. घरगुती फर्निचरसाठी रसकाष्ठ ठेवायचे असल्यास ओल्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बुडवाव्यात. सुमारे दीड भाग बोरॅक्सला एक भाग बोरिक आम्ल हे प्रमाण रूढ आहे. बोरॉन पावसाच्या पाण्याने धुऊन जातो, म्हणून ही प्रक्रिया छपराखालच्या लाकडासाठीच. भट्टीत वाळवलेल्या लाकडातील जिवंत अळ्या मरतात; निर्यातीच्या लाकडी वेष्टनांसाठी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग तीस मिनिटे राखण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक याच तत्त्वावर आहे. मात्र उष्णतेने पिष्ट नाहीसे होत नाही, त्यामुळे वखारीत परत आल्यावर पुन्हा लागण होऊ शकते. अमावास्येला तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, ही समजूत गावोगावी आहे. माझ्या मते चंद्रापेक्षा झाडाची अवस्था पाहावी. नवी पालवी आणि फुटवे काढताना झाड साठवलेले पिष्ट खर्च करते, आणि कीड त्या पिष्टावरच जगते.

ओलाव्याचे सूत्र शेतकऱ्यास धान्यावरून परिचित आहे. साठवणुकीचे धान्य आपण दहा-बारा टक्के ओलाव्यावर आणतो. गिटारचा कारागीर लाकूड आठ-दहा टक्क्यांवर आणतो आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेल्या खोलीत वाद्य जुळवतो. कोकणातल्या श्रावणात तेच वाद्य फुगते, तबली वर उचलली जाते आणि तारा पट्टीपासून दूर जातात. स्वस्त गिटारी थर चिकटवलेल्या प्लायवूडच्या असतात; त्या आवाजाला थोड्या मंद, पण हवापाण्याला चिवट. शिकणाऱ्याने पावसाळी प्रदेशात तशीच घ्यावी, असे मी बेलाशक सांगेन.

महोगनीची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिच्यात आज शेतकऱ्यांचा पैसा गुंतत आहे. गिटारची दांडी पिढ्यान्‌पिढ्या मध्य व दक्षिण अमेरिकेच्या महोगनीची, स्विटेनिया मॅक्रोफिलाची होत आली. हलकी, स्थिर, कापण्यास सुकर. तिच्या नैसर्गिक वनांची इतकी तोड झाली की २००३ पासून तेथील महोगनीचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली आला. तोड एवढी झाली तर लोकांनी लागवड का केली नाही, असा प्रश्न सहज सुचतो. लागवड केली, पण हिप्सिपायला नावाच्या पतंगाने ती टिकू दिली नाही. अमेरिकेत हिप्सिपायला ग्रँडेला, आपल्याकडे हिप्सिपायला रोबस्टा.

मादी कोवळ्या शेंड्याजवळ अंडी घालते. अळी शेंड्यात शिरून गर पोखरते, छिद्राबाहेर विष्ठा आणि डिंक यांचा गोळा दिसतो, शेंडा कोमेजून काळा पडतो. झाड मरत नाही. ते खालून दोन-चार नवे शेंडे काढते आणि प्रत्येक जण स्वतः मुख्य होऊ पाहतो. अळी पुन्हा येते. पाच-सहा वर्षांनी जे उभे असते ते झुडूप असते, खोड नव्हे. सलग, उघड्यावरच्या, एकाच वयाच्या लागवडीत उपद्रव सर्वाधिक, आणि एकरी अमुक रोपे लावण्याच्या योजना नेमक्या तशाच लागवडीच्या असतात. फिजी बेटांवर ही अळी नसल्याने तेथे महोगनीची मोठी लागवड साधली आणि गिटारच्या व्यापारात फिजीचे महोगनी आज ओळखीचे आहे. तेथले यश दाखवून येथे रोपे विकणे, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

ज्यांनी महोगनी लावली आहे, त्यांनी पावसानंतर नवी फूट येताच दर आठवड्यास शेंडे पाहावेत. पोखरलेला शेंडा निरोगी लाकडापर्यंत कापून, आतील अळीसह नष्ट करावा. नव्या फुटव्यांतील सर्वांत सरळ एकच राखून बाकी खुडावेत. खोड पाच-सहा मीटर उंच होईपर्यंत हे व्रत पाळावे लागते. त्यापुढे शेंडा गेला तरी खालचा ओंडका सरळ राहतो. अळी आत शिरल्यानंतर फवारणीचा लाभ होत नाही. नव्याने लावणाऱ्याने अन्य वृक्षांच्या दरम्यान, बाजूने सावली मिळेल अशी विखुरलेली रोपे लावावीत. हीच अळी आपल्या तुणावरही येते. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे, ज्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांत तुणाचे लाकूड वापरतात. म्हणजे मिरज आणि नाझरेथ यांचा शत्रू एकाच प्रजातीतला निघाला.

स्प्रूसही कीटकांपासून सुटलेला नाही. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर व्हाया नावाच्या वादळाने उत्तर इटलीतील लाखो घनमीटर झाडे आडवी केली. व्हायोलिनच्या लाकडासाठी प्रसिद्ध असलेल्या पानेवेज्जो आणि फिएम्मे खोऱ्यातील स्प्रूसही त्यांत होते. पडलेल्या झाडांत इप्स टायपोग्राफस हा पाच मिलिमीटरचा सालभुंगेरा वाढला आणि नंतर त्याने उभी, जिवंत झाडे धरली. नर आधी साल भेदतो आणि गंधद्रव्य सोडून इतरांना बोलावतो. हजारोंच्या हल्ल्यात झाडाची राळ अपुरी पडते. उन्हाळे तापू लागल्याने वर्षाला त्याची एखादी पिढी वाढते. भुंगेरा लाकूड खात नाही, सालीखालचा अन्नवाहक थर खातो. तरीही त्याच्यासोबत आलेल्या बुरशीने लाकडावर निळे पट्टे उमटतात. निळ्या पट्ट्याने ताठपणा फारसा घटत नाही, पण निळी तबली कोणी विकत घेत नाही. येथेही पुन्हा रंगच.

कायद्याची बाजू विस्तार कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. ब्राझीलचा शिसव १९९२ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापारास जवळपास बंद आहे. जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया प्रजातीतील उर्वरित सर्व वृक्ष दुसऱ्या परिशिष्टात आले आणि गिटारच्या प्रत्येक खोक्यामागे परवाना लागू लागला. वाद्यनिर्मात्यांनी गाऱ्हाणे मांडल्यावर नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडाला नाही. आपल्या देशातून ओंडक्यांची निर्यात तर मनाईतच आहे. देशांतर्गत तोड आणि वाहतूक यांचे नियम राज्यागणिक निराळे आहेत, आणि काही राज्यांत खासगी जमिनीवरचा शिसवही शासनाचा मानला गेला आहे. केरळच्या वायनाड जिल्ह्यातील मुट्टिल येथे २०२० च्या एका शासकीय आदेशाचा आधार दाखवून शेतकऱ्यांच्या जमिनीवरील शिसवाची तोड झाली, आदेश मागे घेतला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. लावतानाच सात-बाऱ्यावर किंवा आपल्या राज्यातील समकक्ष नोंदीत झाडांची नोंद करून घ्यावी आणि तोडण्याआधी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी, व्यापाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

गिटारशी जोडलेले आणि आजच उत्पन्न देणारे एक पीक मात्र आपल्याकडे आहे, आणि ते लाकूड नव्हे. उत्तम शास्त्रीय गिटारीच्या तबलीला कृत्रिम लॅकरऐवजी लाखेचे पॉलिश देतात. चपडा मद्यार्कात विरघळवून कापडाच्या बोळ्याने अनेक अतिशय पातळ हात दिले जातात. थर जितका पातळ तितके तबलीवर ओझे कमी आणि कंपन मोकळे. घाम आणि उष्णता यांपुढे हे पॉलिश नाजूक आहे, पण ओरखडा पडला तर त्याच द्रावणाने तो मिटवता येतो. ही लाख केरिया लॅका या इवल्या कीटकाच्या माद्या स्वतःभोवती स्रवतात. कुसुमावर, म्हणजे कोशिंबाच्या झाडावर घेतलेली कुसुमी लाख फिकट रंगाची, म्हणून स्प्रूसच्या पांढऱ्या तबलीवर अधिक शोभते; पळस आणि बोरीवरची रंगीनी गडद असते. झारखंड आणि छत्तीसगड ही लाखेची मुख्य राज्ये. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यातही हे पीक घेतात.

लाखेचे नुकसान करणारे तिचे स्वतःचे भक्षक आहेत. युब्लेमा अमाबिलिस या पांढऱ्या पतंगाची आणि स्यूडोहायपॅटोपा या करड्या पतंगाची अळी लाखेच्या थराखाली बोगदे करून माद्यांना खाते. त्यांचा प्रवेश बहुधा बीजलाखेतूनच होतो. म्हणून बीजलाख निवडताना काडी फोडून अळी किंवा भुगा नाही ना, हे पाहावे. ती साठ छिद्रांच्या नायलॉन जाळीच्या पिशवीत घालून फांदीला बांधावी. लाखेची किरमिजी पिल्ले जाळीतून बाहेर पडतात आणि पतंग आतच अडकतात. पिल्ले बाहेर पडून गेल्यावर उरलेली काडी, जिला फुंकी म्हणतात, ती तीन आठवड्यांच्या आत झाडावरून उतरवून खरवडून घ्यावी. तीही बाजारात विकली जाते.